कळमन्याचे लाल दिवे

३ फेब्रुवारी
लागली एकदाची नोकरी! सक्करदरा तलावाजवळ ऑफिस, हुडकेश्वरहून स्कूटीवर आरामात पोचते. काम म्हणजे बसून पडद्याकडे बघणं. ठिकठिकाणच्या गोदामांत, शीतगृहांत आमचे सर्व्हर आहेत. तिथली एखादी डिस्क बिघडली की इथे लाल दिवा लागतो. बटण दाबून ‘पाहिले’ अशी नोंद करायची आणि डिस्क बदलायला माणूस धाडायचा. शेजारच्या दीपमालाने पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातलं भरीत फस्त केलं, म्हणजे मैत्री पक्की.

६ फेब्रुवारी
इथली रीत कळली. दिवा लागला की वाचायचं नाही, आधी ‘पाहिले’ दाबायचं. आमचे साहेब मोहित यांना पडदा हिरवागार लागतो. मीही दाबते, शहाणपणा कशाला दाखवा? आज जेवणाच्या सुट्टीत कळमन्याच्या शीतगृहातल्या सगळ्या डिस्क एकामागून एक गेल्या. मी दाबत राहिले. जेवून येते तो सगळ्या ठणठणीत.

१० फेब्रुवारी
रोज दुपारी तेच. तोच क्रम, मध्ये तेवढीच उसंत. डिस्क अशा रांगेने कधी बिघडतात का? दीपमालाला खोदून विचारलं तर तिने हातातला घास डब्यात ठेवला. मग तिने सांगितलं. नागसेन नावाचा मुलगा डिस्क बदलायला तिथे जायचा. गेल्या वर्षी तो तिथल्या सर्व्हरच्या खोलीत असताना आग विझवायचा, श्वास कोंडणारा गॅस सुटला आणि दार अडकलं. मोबाइल नियमाप्रमाणे बाहेर ठेवलेला. आपण आत आहोत हे कळवायला त्याच्याकडे एकच उपाय उरला, डिस्क ओढली की इथे दिवा लागतो. दीपमाला म्हणाली, “तो एकेक डिस्क ओढून राहिला होता वं, अन् मोहित सर इथं बटण दाबून राहिले होते.”

तो आतच गुदमरून मेला. वर मोहितने त्याच्या आईला सांगितलं, पोराने मस्तीत डिस्क उपसल्या.

११ फेब्रुवारी
अंगाची नुसती लाही होतेय. आजपासून मी बटण दाबणार नाही. दिवे पेटू देत, शीतगृहवाले बोंबलू देत. मोहितला स्वतः जावं लागलं पाहिजे. त्या खोलीत उभं राहावं लागलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी
मोहित मला शिव्या देत कळमन्याला गेला. दुपारी दिवा लागला. मग दुसरा. या वेळी क्रम वेगळा, घाईचा, चाचपडल्यासारखा. आतून कोण ओढतंय ते मला कळलं. तिथल्या चौकीदाराचा नंबर समोरच होता. फोन उचलला आणि ठेवला.
पाहिले. पाहिले. पाहिले.
खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी
मोहित मेला, तसाच गॅस सुटून. चौकीदार म्हणतो, दार अडकलेलं नव्हतंच, मी नुसतं लोटलं तर उघडलं. आज दुपारी एकही दिवा नाही. नागसेनचा हिशेब चुकता झाला, आता तो शांत होईल.

१७ फेब्रुवारी
मोहितने ओढलेल्या डिस्क बदलायला उद्या दीपमाला जाणार. मी हातापाया पडले. ती हसली — “नागसेन मले ताई म्हणे. तो मले काहून काही करन?”

१८ फेब्रुवारी
कळमना. पहिला दिवा —

चौकीदाराला फोन लावला. कोणी बोलत नाही. नुसता श्वास, दम कोंडल्यासारखा —

दिवा विझला. ‘पाहिले.’ नोंदीखाली माझं नाव. मी नाही दाबलं. मी —

डावा हात. माझं ऐकत नाही. उजव्याने लिहितेय. कोणी वाचलं तर कळमन्याला धावा, दीपमाला आत आहे —

दुसरा. तिसरा. त्या दिवशी मी मनापासून दाबलं, आता तो हात सोडत नाही —

नागसेन, पुरे झालं गा. मोहित गेला ना. ही तुझी ताई आहे, तिनेच तर तुझं खरं मला सांगितलं —

पाचवा. सावकाश लागला. तिच्यात आता जोर — बोटं पुन्हा बटणाव