आदर्श ठरलेल्या न्हाणीघरात जावयास न्हाऊ घालू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
हरित स्नानगृह अभियान कक्ष,
इंदरगंज, लश्कर, ग्वाल्हेर.

विषय : आमच्या न्हाणीघराचा 'आदर्श' हा दर्जा नरक चतुर्दशीपूर्वी काढून घेण्याबाबत.

संदर्भ : माझे हिंदीतील आवेदन, ज्याचे उत्तर म्हणून आपल्या कक्षाने आणखी एक पथक पाठवले.

महोदय,

मी खाली सही करणार, बिर्लानगरचा रहिवासी व सेवानिवृत्त शिक्षक, सविनय कळवतो की श्रावणापासून आमच्या न्हाणीघरात कोणीही आंघोळ केलेली नाही. गैरसमज नसावा, आम्ही ती शेजारी करतो. आपण नव्याने रुजू झाला असून मराठी आहात असे समजले, म्हणून या वेळी अर्ज मराठीत करीत आहे.

१. श्रावणात आपले पाहणी पथक आमच्याकडे आले. पथकप्रमुख श्री. दिग्विजयसिंहजी यांनी न्हाणीघरात डोकावून तोंडात बोटे घातली. आत शॉवर नाही, गीझर नाही, शाम्पूची बाटली नाही. एक पितळी घंगाळ, एक तांब्या, डब्यात शिकेकाई, अंग घासायला परसातल्या घोसाळ्याची वाळलेली जाळी आणि संपत आलेल्या साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवलेली. मोरीचे पाणी थेट अळवाला. याला 'झीरो वेस्ट' म्हणतात असे त्यांनी सांगितले. आमचे नातेवाईक आजवर याला चिक्कूपणा म्हणत आले, सबब मला भलताच आनंद झाला व त्या भरात मी हमीपत्रावर सही ठोकली.

२. हमीपत्रानुसार आदर्श न्हाणीघर 'प्रदर्शनयोग्य', म्हणजे कोरडे, ठेवावयाचे आहे. दाराला हिरवी फीत लागली व पहिले प्रशस्तिपत्र मिळाले. तेव्हापासून मी व माझी पत्नी सौ. सुनंदा, टॉवेल खांद्यावर टाकून, शेजारच्या उषाताईंकडे जातो. तेथे गीझर आहे, शॉवर आहे आणि शाम्पूच्या प्लास्टिक पुड्यांची माळच टांगलेली आहे. खोटे कशाला बोलू, त्या शॉवरखाली मी पहिल्या दिवशी बराच वेळ उभा होतो. इकडे आपल्या अहवालात आमच्या घरचा आंघोळीचा पाणीवापर शून्य नोंदला गेला आणि आम्हांस दुसरे प्रशस्तिपत्र मिळाले.

३. येथे आमच्या हातून एक चूक झाली, ती मान्य करतो. घरी आलेल्या माणसाने तोंडात काही न घालता जायचे नाही, ही सौ.ची पद्धत. पहिल्या पथकास पोहे, चहा व बेसनाचे लाडू मिळाले. लगेच दुसरे पथक आले, मग हजीरा भागाचे, मग मुरार भागाचे. सर्व पथके नाश्त्याच्या वेळेसच येतात. न्हाणीघराकडे आता कोणी ढुंकूनही बघत नाही. एका सदस्याने तर स्नानगृह उत्तम, परंतु पोह्यांत निंबू कम, असा लेखी अभिप्राय दिला आहे.

४. हेही आम्ही सोसले असते. परंतु आमची एकुलती एक मुलगी चि. सौ. प्रांजली हिचे लग्न वैशाखात झाले असून जावई श्री. अभिराम पहिल्या दिवाळसणाला इंदूरहून येत आहेत. नरक चतुर्दशीच्या पहाटे जावयाला पाटावर बसवून, तेल-उटणे लावून, सासरच्या घरी ऊन पाण्याने न्हाऊ घालायचे असते, हे आपणांस मी काय सांगावे! ते काही उषाताईंच्या शॉवरखाली होत नाही. सौ.ने उटण्याचे सामान कुटायला घेतले होते. इतक्यात प्रांजलीचा फोन आला की, बाबा, टेन्शन घेऊ नका, आम्ही हॉटेलमध्येच थांबतो, तिथलं बाथरूम तरी वापरायला मोकळं असेल. सौ. कुटणे तसेच टाकून आत गेली आणि रडली. महोदय, हे आम्हांस फार लागले आहे.

५. म्हणून मी नियमावली वाचून काढली. घरात कोठेही नळ वाहता सोडून पाणी वाया घालवल्यास दर्जा तत्काळ रद्द होतो, असे तीत आहे. त्यानुसार काल सकाळी, पथक येण्याच्या सुमारास, मी पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाखाली न येता, परसातला नळ सताड सोडला आणि पाठ करून उभा राहिलो. तो आवाज ऐकवेना. सौ. धावत आली, वेड लागलंय का म्हणाली आणि तिने बादली लावली. बादली भरताच, कसे कोण जाणे, माझ्याच हातांनी खाली हंडा सरकवला. मग कळशी, पातेली, शेवटी चहाचे पेले. पथक आले तेव्हा जमिनीवर थेंब नव्हता. श्री. दिग्विजयसिंहजींनी 'जलसंचयाचे प्रात्यक्षिक' अशी नोंद करून आम्हांस 'आदर्श'वरून 'सर्वोत्कृष्ट' केले व तिसरे प्रशस्तिपत्र हातात दिले.

मी हात टेकले आहेत. पाणी वाया घालवण्याचा माझा हेतू पक्का होता, फक्त ते जमले नाही. तरी तो हेतूच अपराध मानून आम्हांस अपात्र ठरवावे. मी बेजबाबदार नागरिक आहे असे वाटल्यास स्टँपपेपरवर लिहून देतो. परंतु त्या एका पहाटेपुरते तरी आम्हांस आमचे न्हाणीघर ओले करू द्यावे.

आपला नम्र, व तूर्त टॉवेल घेऊन शेजारी निघालेला,

(सही)
गुरुप्रसाद गोविंद टेंबे
बिर्लानगर, ग्वाल्हेर
दि. २ नोव्हेंबर २०२६

सोबत : तिन्ही प्रशस्तिपत्रे, चौकटींसह परत. चौकटी लाकडी असून पुनर्वापरास योग्य आहेत.