प्रदक्षिणेची बाजू

लाइपझिग, ९ मार्च

अक्का, तुला आणि अण्णांना इथून वाकून जय जिनेंद्र.

माझी तब्येत बरी आहे. जेवण घरीच करतो, तेही दिवस मावळायच्या आत. कोल्हापूरला नेऊन अण्णांचा डोळा दाखवलास का?

आता कामाचं लिहितो. काही कणांना डावं-उजवं कळतं. फिरत्या ताऱ्याजवळ, जिथं अवकाशच वाकलेलं असतं, तिथं त्यांचा एक नवा प्रवाह निघतो, असं मी नऊ वर्षं मांडत होतो. त्या गणितात फिरण्याची एक बाजू अधिक चिन्हाची धरावी लागते. सगळे घड्याळाच्या काट्यांच्या उलटी बाजू धरतात. एका ठिकाणी मी नकळत प्रदक्षिणेची धरली. लहानपणी बस्तीत मूर्तीभोवती फिरताना तू हात ओढायचीस ना, "देव उजव्या हाताला ठेव की रं, गाढवा," तीच.

चिन्ह सुधारलं की दोन पदं एकमेकांना खाऊन टाकतात आणि शून्य उरतं, प्रवाहच नाही. चार वेळा तपासलं.

सप्टेंबरात इथली नेमणूक संपते. पन्नाशीत दुसरीकडे कोण घेणार? थंडी मात्र कमी झाली आहे.

अण्णांनी सगळ्या बस्तीला माझ्या शोधाचं सांगून ठेवलंय. त्यांना इतक्यात बोलू नकोस. विचारलं तर काम चालू आहे म्हण.

तुझी चूक नाही, अक्का. तू शिकवलंस ते बरोबरच होतं. दर्शनाला जाशील तेव्हा माझ्या वाटची एक प्रदक्षिणा घाल. नेहमीच्याच बाजूनं. मला दुसरी येत नाही.

तुझा धाकटा,
सम्मेद