सुपडूच्या हातावरचं नाव

५ जानेवारी १९९७

सुपडूने आज माझी शाळेची फूटपट्टी घेतली आणि उजव्या हातावरचं गोंदण मोजलं. मनगटाच्या चार बोटं वर, आतल्या बाजूला. सव्वादोन इंच! मी तांदूळ निवडत होते, बघूनही न बघितल्यासारखं केलं.

मग म्हणाला, “मम्मी, हे कमी नाही होत?”

अठरा वर्षांचा घोडा. दोन आठवड्यांनी सैन्यभरती आहे. उंची भरते, छाती भरते. अडतंय ते या चार निळ्या अक्षरांवर. सरस्वती.

८ जानेवारी

हिलाल आला होता. सुपडूचा मित्र, सुरतबाहेर कडोदऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला आहे. सगळ्या बातम्या याच्याकडे. मानेवर विंचू गोंदलेल्या एकाला म्हणे शर्ट काढताच बाहेर काढला. दंडावर चालत नाही, छातीवर चालत नाही. आणि उजव्या हातावर तर नाहीच – “सलामीचा हात ना भाई! साहेबाला सलाम ठोकणार आणि साहेब काय वाचणार? सरस्वती?”

दोघं खूप हसले. सुपडू हसून झाल्यावर हात पाठीमागे घेऊन बसला.

नियम नक्की काय, कुणालाच माहीत नाही. मी शाळेत मुख्याध्यापकांना विचारलं. ते म्हणाले, बाई, ते डॉक्टरच्या मर्जीवर असतं.

ह्यांना विचारलं तर – “त्यात काय? देवीचं नाव आहे म्हणायचं, मोकळं व्हायचं.” आणि ड्युटीवर गेले. कारखान्यात लूमच्या खडखडाटात राहून ह्यांना सगळंच सोपं वाटतं.

१४ जानेवारी

उतराण. सगळी गल्ली पतंग घेऊन गच्चीवर. आमचा एकटा कालव्याच्या कडेने पळतोय.

१६ जानेवारी

आज जे झालं ते इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे सांगणार?

कपाटावर सुपडूच्या बुटांमागे बाटली सापडली. चिकटपट्टी लावलेली. झाकण काढलं तर डोळ्यांत पाणीच आलं. हिलालने मिलमधून आणलेली – बिघडलेल्या कापडाचा रंग उतरवायला वापरतात ते जहाल पाणी. चिंधी बुडवून ठेवलेली. म्हणजे हात जाळायचा होता पोराला! अंगाला कापड समजतात की काय हे?

लगेच ओतून द्यायला हवी होती. दिली नाही. बाटली हातात घेऊन मोरीपाशी उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. मनात काय आलं ते खरं लिहिते. एक – नाव जाईल. पंधरा वर्षं त्याला न्हाऊ घालताना, हात धुताना, ताट वाढताना जे नाव मला दिसतं ते जाईल. दोन – जखम झाली तर भरतीत घेणार नाहीत. घरी राहील.

आई अशी असते का?

मग ओतली. फेस आला, मोरीची फरशी पांढरी पडली. सुपडू संध्याकाळी आला, रिकामी बाटली बघितली, माझ्याकडे बघितलं. ताट वाढलं तेव्हा म्हणाला, “लावणार नव्हतो. भीती वाटली.”

१७ जानेवारी

झोप आली नाही नीट. सगळं आठवत राहिलं.

पहिली मुलगी आठ महिन्यांची गेली. दुसरा मुलगा तिसऱ्या दिवशी. सुपडू झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला माझ्याजवळ निजूही दिलं नाही. सुपात घातला – म्हणून सुपडू – आणि शेजारच्या सरस्वतीबाईच्या ओटीत दिला. तिची चार होती, चारही जिवंत. तिने पदर पसरून म्हणायचं, हा माझा. मी म्हणायचं, माझं काही नाही. मी म्हटलं! बाळंतिणीच्या खाटेवरून, रडत. मग तिने मला तो सांभाळायला दिला. दुसऱ्याचं मूल म्हणून.

तिसऱ्या वर्षी गोंदणारीण आली तेव्हा सासूबाईंनी त्याच्या हातावर तिचं नाव घातलं. मी आतल्या खोलीत कान झाकून बसले होते. यमाने हात उलटून पाहिला तरी त्याला कळावं, हा माझा, कमलचा नाही.

पाचव्या वर्षी सूपभर बाजरी तिला देऊन मूल सोडवून आणायचं असतं. त्याच वर्षी आम्ही सुरतला आलो. राहिलं. नंतर सरस्वतीबाईचं बिऱ्हाडही इथेच गोडादऱ्यात आलं, दोन गल्ल्या सोडून. तरी मी नाही दिली. बाजरी नव्हती असं नाही. माझं मूल मी सोडवून का आणू? मी शिकलेली. चौथीच्या मुलांकडून अंधश्रद्धेवर निबंध लिहून घेते.

लग्नाकार्यात भेटते. तिच्या उंबऱ्यात मात्र पाय ठेवला नाही.

२३ जानेवारी

पळण्यात पास! साडेतीनशे पोरांत बाविसावा. मग डॉक्टर. सुपडूने आल्या आल्या सगळं सांगितलं, बूटही काढले नव्हते.

डॉक्टरांनी हात उलटा केला. “आतल्या बाजूला आहे, चालेल” असं हिंदीत म्हणाले. एवढ्यासाठी बाटली आणली होती! मग विचारलं, “ये सरस्वती कौन है? गर्लफ्रेंड?” रांगेतली सगळी पोरं हसली.

पप्पांनी शिकवलेलं उत्तर तयार होतं. देवी है साब. तेवढ्यावर सुटला असता.

हा म्हणाला, “माँ है.”

कारकुनाने फॉर्म बघितला. आईचं नाव कमल. हातावर सरस्वती. “दो-दो माँ?” आता आईवडिलांकडून लिहून आणायचं आहे – ही सरस्वती कोण, हे नाव कधी आणि का गोंदलं. सात तारखेच्या आत. नाहीतर नाव कटणार.

मी विचारलं, देवी का नाही म्हणालास?

“मिलिटरीत पहिल्याच दिवशी खोटं बोलू?”

माँ है. माझ्या घरात मला मम्मी म्हणतो.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदन. पोरांनी सलामी दिली. एवढे एवढे हात. सलामीत हाताची आतली बाजू पुढे येते, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

२७ जानेवारी

चार कागद फाडले. अख्ख्या गल्लीचे अर्ज मी लिहिते – रेशनकार्डाचे, शाळेच्या दाखल्याचे. हा होत नाही. “मी, कमल छगन बोरसे, लिहून देते की” – इथपर्यंत अक्षर सुरेख येतं.

लिहिलं नाही तर? तारीख निघून जाईल. कुणाला कळणारही नाही.

२९ जानेवारी

गेले.

सरस्वतीबाई ओट्यावर लसूण सोलत होती. केस सगळे पांढरे. “ये वं मास्तरीण! आज कसा काय मना उंबरा दखा?”

मी कागदाचं सांगितलं. बाटलीचंही सांगितलं, मोरीपाशी उभी राहिले तेही. तिला का सांगितलं कोण जाणे. वाटलं, आता ही बोलेल. ती लसूण सोलत राहिली. मग म्हणाली, “मी तर रोज देवले सांगस, भरतीमा नको लागू दे. मनाबी जीव शे ना त्यानावर.”

मला वाटत होतं, ही भीती माझी एकटीची.

रडायला आलं. ती म्हणाली, “कायले रडस? पोऱ्याले जावानं शे, जाऊ दे. लिही टाक तू. अंगठा मी देसू.” आणि मी निघताना मागून, हसत – “आनि मनी सूपभर बाजरी? ती कधी देशी?”

लिहिला. तिथेच, तिच्या ओट्यावर, पाटाचं टेबल करून. “माझा मुलगा सुपडू यास जन्मल्यावर सौ. सरस्वतीबाई यांच्या ओटीत घातले होते. आमच्याकडे तशी रीत आहे. त्याच्या हातावरील नाव तो तीन वर्षांचा असताना गोंदलेले असून ते त्याच्या आईचे आहे.”

खाली माझी सही. तिचा अंगठा.

६ फेब्रुवारी

कागद घेतला. कारकून हसला म्हणे, पण घेतला.

२२ फेब्रुवारी

पत्र आलं. पाच मार्चला निघायचं. ह्यांनी अख्ख्या लूम-खात्याला पेढे वाटले, मशीन बंद करून!

२ मार्च

लिंबायतच्या बाजारातून नवं सूप आणलं. बाजरी आणली, निवडली, सूप काठोकाठ भरून वर रुमाल घातला. जाण्याआधी सोडवणार. माझा म्हणून पाठवणार. सरस्वतीबाईला निरोप दिला, उद्या येते.

३ मार्च

गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं. सूप तसंच.

सुपडू बॅग भरताना विचारत होता, पोस्टिंग कुठे मिळेल काय माहीत. ह्यांनी बोट नकाशावर ठेवलं, अगदी वरच्या टोकाला, सरहद्दीवर.

४ मार्च

बाजरी दळून आणली. त्याच्या वाटेसाठी भाकरी केल्या, पीठ सगळं संपवलं.

नाही सोडवला. यम तिथेही हात उलटून बघेल. राहू दे तिचाच.