डावा पाय आणि शाळेची घंटा

११ एप्रिल, मंगळवार
एमआरआय नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, अभिनंदन. दोन महिने डावा पाय ओल्या पोत्यासारखा मागून ओढतेय, आणि अभिनंदन! आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर. मेंदू शाबूत, पाय शाबूत, मधला निरोप तेवढा पोचत नाही. गाडीत माझा नवरा फिंटन म्हणाला, म्हणजे आपल्या गावच्या पोस्टासारखं. मी रेडिओ मोठा केला.

१४ एप्रिल
आमचं कॉन्व्हेंट बंद होतंय. शेवटची नन, सिस्टर कोलंबा, वृद्धाश्रमात जाणार. २८ मेला चर्चमध्ये निरोपाची मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना. शाळेच्या आठवणीच्या वस्तू वेदीपर्यंत न्यायच्या, त्यातली पितळी घंटा माझ्याकडे. साहजिकच आहे. सिस्टरांची लाडकी मीच होते. घंटा जड, दोन्ही हात लागतात, म्हणजे काठी नाही. आणि चालताना ती वाजता कामा नये.
कमिटीवर डिंप्ना, शाळेत माझ्याच वर्गातली. गोड आवाजात म्हणाली, आसुम्ता, जमेल ना गं तुला? नाहीतर मी आहेच. पन्नास वर्षं ही आहेच.
सहा आठवडे म्हणजे भरपूर वेळ.

१५ एप्रिल
नसांच्या दुखण्याला प्रार्थना कुणाची करावी? पुस्तकात पाहिलं. संत डिंप्ना! मी संत अँथनींकडे गेले. ते हरवलेल्या वस्तू शोधून देतात, आणि माझा निरोपच तर हरवलाय.

१८ एप्रिल
फिजिओथेरपी. मुलीचं नाव मुरिन. दिसायला पंधरा वर्षांची. मला खाटेवर झोपवून म्हणाली, डावी टाच खाली दाबा. जीव काढला, काही नाही. मग म्हणाली, आता उजवा पाय वर उचला. उचलला, तर डावी टाच आपणहून तिच्या हातावर अशी दाबली गेली की ती ओरडलीच. ताकद आहे म्हणाली.
म्हणजे मी नाटक करते का? मी विचारलं. तर म्हणाली, छे हो, मुळीच नाही. दुखणं खरंच आहे. पण तुम्ही पायाकडे लक्ष दिलंत की त्याचा रस्ता बंद होतो. लक्ष दुसरीकडे गेलं की उघडतो.
मुलगी बरी आहे. अनुभव कमी.

२५ एप्रिल
मुरिनने मला उलटं चालवलं. राणीसारखी चालले! वेदीपर्यंत पाठमोरी गेले तर चालेल का, विचारलं. ती म्हणाली, फादरना विचारा. गृहपाठ: चालताना खिडकीबाहेर बघायचं, गाणं गुणगुणायचं, पायाकडे लक्ष द्यायचं नाही.

२६ एप्रिल
सकाळी नऊ ते दहा पायाकडे लक्ष दिलं नाही. एकेचाळीस वेळा द्यावंसं वाटलं. दर वेळी फुली मारून ठेवली.

९ मे
घंटा घरी आणली सरावाला. कपाटाचा आरसा घरातल्या बोळात लावून घेतला, म्हणजे मी पायाकडे बघत नाही ना, हे बघता येतं. बोळाच्या एका फेरीत घंटा सतरा वेळा वाजली. फिंटन चहा घेऊन आला. म्हणाला, मला वाटलं बोलावतेस.

१६ मे
आज मुरिनला सिस्टरांच्या गोष्टी सांगत होते. थंडीत हीटर बंद पडला की वह्या मिटून आम्हाला रील, म्हणजे आमचा आयरिश नाच, नाचायला लावायच्या, झग्याचा घोळ हातात धरून स्वतःही नाचायच्या. हिवाळ्यातला तो मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. बोलणं संपलं तर मुरिन हसत होती. म्हणे, बोलता बोलता तुम्ही हॉलच्या तीन फेऱ्या मारल्यात, काठी तिकडे खुर्चीवर. मी म्हटलं, शक्य नाही, माझ्या लक्षात आलं असतं. ती म्हणाली, तेच तर.
उद्या हाच प्रयोग पुन्हा करणार, या वेळी नीट लक्ष देऊन.

१७ मे
जमलं नाही. जोडे नवीन होते.

२३ मे
काठी कायमची सोडली. छत्री वापरते. पावसाचा काय नेम. घंटा नऊ वेळा.

२७ मे, शनिवार
केस सेट केले. अजिबात टेन्शन नाही. डिंप्नाचा फोन. दुसऱ्या रांगेत बसणार आहे म्हणे, अगदीच वेळ आली तर. मी तिला माफ केलं. आज तिसऱ्यांदा.

२८ मे, रविवार. दुपार
चर्च खचाखच भरलेलं. सुरुवात उत्तम. अकरा रांगा पार, घंटा गप्प. किती छान चाललोय हे बघायला म्हणून फक्त एकदा खाली पाहिलं, आणि पाय फरशीला चिकटला. तिथेच, मधोमध. साडेतीनशे माणसं बघताहेत. दुसऱ्या रांगेत डिंप्ना हातमोजे काढायला लागली.
सिस्टर पुढे, व्हीलचेअरमध्ये. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं शेवटच्या बाकापर्यंत जातं. ये गं डिंप्ना, म्हणाल्या, घाबरू नकोस बाळ.
डिंप्ना!
पुढचं मला नीट आठवत नाही. मी तरातरा गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहून म्हटलं, सिस्टर, मी आसुम्ता! बहुतेक हातवारेही केले, कारण घंटा दणादण वाजली. मिस्सात फादर प्रसादाची भाकर उंचावतात तेव्हा घंटा होते आणि सगळे गुडघे टेकतात, त्यामुळे घंटा वाजली की आमची माणसं विचार करत नाहीत. अख्खं चर्च गुडघ्यांवर, माना खाली. फादर एकटे उभे, प्रसादाची भाकर अजून मागच्या टेबलावरच.
वळून मोजलं. नऊ रांगा मी चालून आले होते. सरळ, काठीशिवाय, छत्रीशिवाय. फिंटनला विचारलं, पाहिलंस ना? म्हणाला, अगं, घंटा झाली, मी मान खाली घातली होती. मुरिन येऊन बसली होती मुद्दाम. तिनेही घातली होती.
पाहिलं ते एकट्या सिस्टरांनी. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, डिंप्ना, तू लहानपणापासून अशीच ताठ चालायचीस.
दुसऱ्या रांगेतून डिंप्नाने मान वर केली आणि म्हणाली, थँक यू, सिस्टर.