दीपगृह दिसतंय का

शनिवार, ४ जानेवारी २००३. रत्नागिरी

आज मी एक शब्द चुकीचा बोलले. मुद्दाम.

पायलट मोहिते मुंबईहून निघण्याआधी आमच्या वेधशाळेत फोन करतात. हवामानाच्या अंदाजाचा कागद त्यांच्यासमोर असतोच, तरी विचारतात, "बाई, दीपगृह दिसतंय का?" मी गच्चीवर जाऊन बघून येते. दिसलं तरच ते इथल्या धावपट्टीवर उतरतात. पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अंधुक वगैरे नको हां. हो किंवा नाही." त्याला तीन वर्षं झाली. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. तरी त्या फोनची मी वाट बघते. लिहायला लाज वाटते, पण बघते.

आज त्यांची शेवटची फेरी होती. पुढे बदली. या वेळी वेधशाळेत चहाला येतो म्हणाले होते. मी घरून दोन चांगले कप नेले.

सकाळी धुकं. दीपगृहाच्या जागी नुसतं पांढरं. पुसट काही दिसलं का? नाही. काहीच दिसलं नाही.

फोनवर म्हटलं, "अंधुक दिसतंय."

 ते हसून म्हणाले, "बाई, अंधुक म्हणजे नाही. फेरी रद्द करतो. चहा राहिला तुमचा."

माझं ऐकून ते निघाले असते तर? उतरताना काही झालं असतं तर?

साडेदहाला दीपगृह लख्ख दिसायला लागलं. कळवावं म्हणून फोनपाशी गेले. त्यांचा नंबर माझ्याकडे नाही. तीन वर्षं फोन तेच करायचे.