हेडलाइटला रिले लावला

रविवार, १६ नोव्हेंबर. नाहूर.

गाडीचं काम झकास झालं, तरी मन थाऱ्यावर नाही.

बाबांच्या जुन्या पद्मिनीत हेडलाइटचा सगळा करंट त्या म्हाताऱ्या स्विचमधून फिरून यायचा. मीटर लावला, तर बल्बला बाराऐवजी जेमतेम दहा व्होल्ट. आज बॅटरीपासून सरळ जाड वायर ओढली, दोन रिले बसवले (म्हणजे स्विचने नुसता इशारा द्यायचा, करंट थेट बॅटरीतून), प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज दिला. अंधार पडल्यावर बाबांना स्टिअरिंगवर बसवलं आणि म्हटलं, लावा. टिक् झालं आणि समोरची सोसायटीची भिंत लख्ख उजळली.

बाबांनी बसल्याजागी भिंतीवरचं वाचलं. "येथे गाड्या धुऊ नयेत." तीही पुसट झालेली अक्षरं.

"म्हणजे तेव्हा दिवेच मंद होते का गं?"

मी म्हटलं, "थोडे."

थोडे काय थोडे? चार वर्षांपूर्वी रात्री गेटच्या खांबाला गाडी ठोकली, तेव्हा "डोळे गेले माझे" म्हणत त्यांनी चावी माझ्या हातात दिली. मीही घेतली. दिवे बघावेत असं दोघांनाही सुचलं नाही. आता डोळे खरंच कसे आहेत, कोणाला माहीत. भिंत वाचली म्हणजे हायवे दिसेल असं थोडंच आहे? पण वाचली ना.

नंतर गाडी जागेवर लावायला मी बसले, तर आरशात नुसतं छत. त्यांनी तो स्वतःच्या उंचीला फिरवून ठेवला होता.

मान वर ताणून कशीबशी गाडी लावली. आरशाला हात लावला नाही.