बटण दाबल्यावरची शिट्टी

मंगळवार, ता. ५

चार आणले. एक पुरला नसता का, मी विचारलं. नात म्हणाली, "आजी, विकत नाही आणले. दुकानात दाखवायला ठेवलेले आहेत. मालक म्हणाले घरी ने, वापरून बघ, कुठला कसा ते गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे."

हेडफोन. पलंगावर ओळीने निजवून ठेवलेत, तापाने फणफणलेल्या पोरांसारखे.

नातीची ही तिसरी नोकरी. कपड्यांच्या दुकानातून काढलं, कारण गिऱ्हाइकाला म्हणाली, "यात तुम्ही जाड दिसता." चष्म्याच्या दुकानातही तेच काहीतरी. तोंडाला कुलूप नाही. माझ्यावर गेली आहे, दुसरं काय! या मालकाने तीन महिने बघतो म्हणून ठेवलंय. हा तिसरा. महिनाअखेरीला ठेवतो की काढतो ते सांगणार. सुनेने आत्ताच बजावलंय, "या वेळी टिकली नाहीस तर मामाच्या गोदामात जायचं, खोकी मोजायला." मामाचं गोदाम म्हटलं की पोरीचा चेहरा उतरतो. माझाही उतरतो. तो मामा माणसांशीही खोक्यांसारखाच वागतो.

मी म्हटलं, आण इकडे. बघू दे मलाही, एवढं काय घालतात डोक्यावर.

बुधवार, ता. ६

चौघांना नावं ठेवली. खोक्यावरची नावं मला वाचता येत नाहीत, नातीलाही नीट बोलता येत नाहीत.

मोठा काळा तो डबा. मऊ राखाडी ती गादी. लाल, डोकं आवळणारा तो चिमटा. आणि वायर असलेला, सगळ्यात स्वस्त, तो दोरीवाला.

डबा घालून भांडी घासली. जड. मान दुखायला लागली. खाली वाकले की पुढे घसरतो, नाकावर येतो. दिसायला मात्र भारदस्त. लेक म्हणाला, "आई, विमान चालवायला निघालीस?" मी म्हटलं, तू नोकरीला लागल्यापासून हे घर मीच चालवतेय, विमान काय मोठं.

आत बातम्या लावल्या होत्या. बाई शेजारच्या खोलीतून बोलत्येय आणि दार उघडं आहे, असा आवाज. चांगला. पण बाई थोडी लांबच.

गुरुवार, ता. ७

चिमटा. घातला आणि तासाभरात कानाच्या पाळ्या लाल. कानातले काढून ठेवावे लागले. अंबाड्यावर बसत नाही, अंबाडा खाली घ्यावा लागतो, मग मी रात्रीच्या एसटीतून उतरलेल्या पाहुणीसारखी दिसते. गाणं लावलं तर मागे कुणीतरी गाद्या झोडपतंय. नात म्हणते, "तरुण पोरांना असंच आवडतं." मग तरुण पोरांना विक.

दोरीवाला. हलका, कापसासारखा. आवाज पत्र्याचा. वायर कपाटाच्या कडीत अडकली आणि मी मागे ओढले गेले. पण कान गार राहतात आणि दारावरची बेल ऐकू येते. किमतीच्या मानाने वाईट नाही. गरिबाने घ्यावा.

शुक्रवार, ता. ८

गादी. आता काय सांगू. घातली की घातली आहे हेच कळत नाही. चष्म्याच्या काडीवरही टोचत नाही. केस विस्कटत नाहीत. बातम्यांच्या बाईने आवंढा गिळला तोही ऐकू आला. बिचारी दमलेली होती.

मग नातीने बाजूचं बटण दाखवलं. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. डब्याला आहे, चिमट्याला आहे, गादीला आहे. दोरीवाल्याला नाही. ते दाबलं की बाहेरचा आवाज मरतो. पंखा मेला. रस्ता मेला. सुनेचं तोंड हलत होतं आणि आवाज नाही, हे तर फारच छान. मी म्हटलं, याची किंमत जास्त का ते आता कळलं.

आणि तेवढ्यात शिट्टी.

बारीक, सुईसारखी. थांबत नाही. बटण बंद केलं, गेली. चालू केलं, आली.

शनिवार, ता. ९

सकाळी परत बघितलं. गादीत शिट्टी. डब्यात शिट्टी. चिमट्यात तर सगळ्यात जास्त. दोरीवाल्यात नाही. म्हणजे दोष त्या बटणात.

नातीने घालून बघितले. "मला नाही येत ऐकू." सुनेला नाही. लेकाला नाही. लेकाचं सोडा, त्याला बायकोने मारलेली हाकही येत नाही.

मी म्हटलं, तुमचे कान कोवळे आहेत. मी तीस वर्षं मागाच्या कारखान्यात सूत भरलं. साठ माग एकदम धडधडत असताना कुठल्या मागाचा आवाज बिघडलाय ते मी मागांकडे पाठ करूनही सांगायचे. मुकादम मला विचारायला यायचा.

नात विचारात पडली. "तू म्हणतेस तर असेल आजी. तू उगाच नाही बोलत."

उगाच पुष्कळ बोलते मी. पण याबाबतीत नाही.

सोमवार, ता. ११

घोळ झाला.

दुकानात एका शाळेच्या मोठ्या बाई आल्या होत्या. मुलांना भाषा शिकवायच्या खोलीसाठी एकदम पुष्कळ नग हवे होते, गादीच हवी होती. नातीने सगळं छान सांगितलं. मऊ आहे, हलकी आहे, चष्म्यावर चालते. सगळी माझीच वाक्यं. आणि शेवटी म्हणाली, "पण बटण दाबलं की बारीक शिट्टी येते. मला येत नाही, माझ्या आजीला येते."

बाई उठून गेल्या.

मालक म्हणाला, "आजीच्या कानावर दुकान चालवतेस?" म्हणाला, शिट्टी खरी असेल तर दाखव, तुला कायमची ठेवतो आणि माल परत पाठवतो. खोटी असेल तर महिनाअखेरीची वाट बघायची गरज नाही.

पोरगी जेवली नाही. मी म्हटलं, जेव. उपाशी राहून शिट्टी मोठी होणार नाही.

सून भांडी आपटत होती. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं कान घालायला?" बरोबर आहे तिचं. पण मी खोटं काय सांगितलं?

मंगळवार, ता. १२

एकटीच्या बोलण्याला किंमत नाही. दुसरा कान हवा. नात शेजारणीला घेऊन येते म्हणाली. शेजारीण टीव्ही मोठ्याने चालू असताना टीव्ही लावा म्हणते.

मग ठेंगी आठवली. ठेंगी म्हणजे माझी कारखान्यातली जोडीदारीण. शेजारी शेजारी बसून सूत भरायचो. तिचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत, खाली विटा लावाव्या लागायच्या, म्हणून ठेंगी. दोन बस बदलून गेले. दार उघडून म्हणते, "अजून जिवंत आहेस?" मी म्हटलं, तुला पोचवल्याशिवाय कशी जाऊ. चहा दिला, साखर कमी घातली. चिक्कूपणा अजून तसाच.

कशाला न्यायचंय ते सांगितलं नाही मी. शिकवून आणली म्हणायला नको कुणी. फक्त म्हटलं, उद्या माझ्या नातीच्या दुकानात चल, डोक्यावर एक वस्तू घालायची आहे. ती म्हणाली, "दुखणार असेल तर नाही येत."

बुधवार, ता. १३

जिंकलो!

दुकानात मागे एक काचेची खोली आहे. गिऱ्हाईक आत बसून ऐकतं, वर पंखा घरघरत असतो. ठेंगीला आत बसवलं. तिथंही पाय टेकले नाहीत तिचे. मालक स्वतः उभा. मध्यम वयाचा, पोट पुढे, हाताची घडी. मला काचेबाहेर उभं केलं, खुणा करू नये म्हणून. नातीला माझ्यापेक्षा लांब.

गादी डोक्यावर ठेवली. मालकाने बटण दाबलं. "काही ऐकू येतं का, आजी?"

"शिट्टी येतेय."

मी सांगितलं नव्हतं तिला. देवाशप्पथ.

मालक तिच्या मागे गेला. तिला न दिसता बटण बंद केलं. "आता?" "गेली." चालू केलं. "आली." परत परत केलं. एकदाही चुकली नाही. मग डबा. मग चिमटा. तेच. दोरीवाला दिला तर म्हणाली, "यात नाही. हा चांगला आहे. केवढ्याला देता?"

मालक खुर्चीत बसला. म्हणाला, "मला काहीच ऐकू येत नाही, पण दोन बायका, दोन वेगळ्या दिवशी, एकच गोष्ट सांगतात..." कंपनीला फोन लावला. फोनवर तिकडच्याला झापलं. सोमवारी त्यांचा माणूस येऊन सगळा माल परत नेणार. नातीला म्हणाला, "खरं बोललीस. उद्यापासून तू कायम. शाळेच्या बाईंनाही मीच फोन करतो."

नात बाहेर येऊन मला आवळायला लागली. मी म्हटलं, चिमट्यासारखं नको आवळूस.

घरी येताना ठेंगीला बसस्टॉपवर केक खाऊ घातला. बोटं चाटत म्हणाली, "एवढ्याशा गोष्टीचं काय मोठं कौतुक लावलंय तुम्ही लोकांनी." विचित्र बाई. माझं काम झालं होतं, मी लक्ष दिलं नाही.

शुक्रवार, ता. १५

सुनेने चहा आणून दिला, न मागता. मामाचं नाव निघालं नाही. घरात शांतता आहे, म्हणजे शिव्या नेहमीच्याच आहेत पण धार नाही.

नातीने शर्टावर दुकानाची पट्टी लावली. तिच्यावर तिचं नाव. सारखी आरशात बघते. मी म्हटलं, नाव विसरशील म्हणून लावलंय का. हसली.

रविवार, ता. १७

दुपारी वीज गेली. सगळ्या रस्त्याची. लेक आणि सून लग्नाला गेलेत, नात कामावर. मी एकटी पलंगावर पडले होते, निवडायची भाजी पोटावर.

पंखा थांबला. फ्रीज गप्प झाला. वरच्या माणसाचं कसलं ते यंत्र, दिवसभर घुंई करतं, तेही थांबलं. रस्त्यावर एक गाडी नाही.

आणि शिट्टी.

मी आधी डोक्याला हात लावून बघितला. डोक्यावर काही नव्हतं. चारही हेडफोन कधीच दुकानात परत गेलेत.

उठून बसले. खिडकीशी गेले. न्हाणीघरात गेले. नळ बघितला, शेगडी बघितली. कानांवर हात दाबले. हात दाबले तर जास्तच.

तीच. बारीक, सुईसारखी.

खाली बसले. आता नीट विचार कर, स्वतःलाच म्हटलं. ही शिट्टी मला नवी आहे का? नाही. पहाटे सगळे झोपलेले असताना असते. मी तिला पहाटच समजत आले.

म्हणजे बटण बाहेरचं सगळं मारतं आणि हीच तेवढी उरते. म्हणजे शिट्टी हेडफोनमध्ये नाही. माझ्या डोक्यात आहे.

वीज आली. पंखा फिरला आणि शिट्टी दिसेनाशी झाली, पदराआड गेल्यासारखी.

बराच वेळ भाजी निवडली. नातीला सांगावं की नाही? नोकरी कायम झाली आहे. शर्टावर पट्टी लागली आहे. मी गप्प बसले तर कुणाचं काय जातं? कंपनीचं थोडं नुकसान, आणि कंपनीला मी कुठं ओळखते.

शिवाय ठेंगीलाही ऐकू आलीच की. मालकाने मागून बटण दाबून बघितलं, ती एकदाही चुकली नाही. माझ्या कानात दोष असेल, मान्य. पण तोच दोष, अगदी तोच, तिच्याही कानात कसा असेल? माझ्या कानाचा दोष तिच्या माथी का मारू? म्हणजे मालातही खोट असणारच. माझीही शिट्टी, मालाचीही शिट्टी.

असं मनाशी घोळवत बसले. पटलंही थोडं. पण ती केक खाताना काय म्हणाली होती? एवढ्याशा गोष्टीचं कौतुक.

उद्या सकाळी तिच्याकडे जाऊन येते. कंपनीची गाडी दुपारी आहे.

सोमवार, ता. १८

ठेंगीला दारातच विचारलं. म्हणाली, "ती होय? ती तर कारखान्यात होते तेव्हापासून आहे. तो दुकानदार विचारत होता ऐकू येते का, मी म्हटलं येते. मला काय माहीत त्याला ऐकू येत नाही ते. मला वाटलं सगळ्यांनाच येते."

परत येऊन नातीला सांगितलं. सगळं. ती उठली. आरशासमोर उभी राहून शर्टावरची पट्टी सरळ केली, चप्पल घातली, आणि गाडी यायच्या आत दुकानात जायला निघाली. मीही निघाले. जिन्यात तिने मला थांबवलं. "आजी, आत्ता येतेय का गं ऐकू?"

म्हटलं, येतेय.